पंडितवाद आणि राजवाद : जुन्नरचे यवन दाते व मिलिंदपञ्हातील संवादपद्धती

घोडेगाव हे आंबेगाव तालुक्याचे मुख्य ठिकाण घोड नदीच्या काठी वसले आहे. नदी सह्याद्रीच्या माथ्याकडून येते. वाटेत डिंभे येथे तिला धरण बांधले असून, ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळाले ते मूळ गाव त्याच जलाशयाखाली गेले. घोडेगावच्या उत्तरेस जुन्नर आहे. तेथील मानमोडी, शिवनेरी, लेण्याद्री व तुळजा या डोंगरांत मिळून दोनशेहून अधिक खोदकामे आहेत. एका गावाभोवती बौद्ध लेण्यांची एवढी दाटी भारतात क्वचितच आढळते. काही वर्षांपूर्वी वर्षावासाच्या निमित्ताने घोडेगाव येथे मिलिंदपञ्हावर व्याख्याने देण्याची संधी आम्हास मिळाली. प्रस्तुत लेखाचा उगम त्या व्याख्यानमालेत विचारल्या गेलेल्या एका प्रश्नात, आणि त्याला आम्ही दिलेल्या चुकीच्या उत्तरात आहे.

तिसऱ्या व्याख्यानात आम्ही मिलिंदपञ्हातील एक प्रसिद्ध प्रसंग सांगितला. पृथ्वी पाण्यावर, पाणी वायूवर आणि वायू आकाशावर आधारलेला आहे असे तुम्ही म्हणता, पण यावर माझा विश्वास बसत नाही, असे मिलिंद राजा म्हणतो. तेव्हा नागसेन थेर धम्मकरक नावाच्या भांड्यात पाणी घेऊन ते वायूच्या आधाराने कसे थांबते, हे राजाला प्रत्यक्ष दाखवितात आणि राजाचे समाधान होते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या बौद्ध ग्रंथात प्रयोगाने केलेले हे प्रतिपादन श्रोत्यांना आवडले. आम्हीही थोडे उत्साहाने म्हणालो की, धम्म आणि विज्ञान यांच्यातील मैत्रीचा याहून मोठा पुरावा कोणता?

तेव्हा मागे बसलेले, माध्यमिक शाळेत विज्ञान शिकविणारे एक गृहस्थ उठले. त्यांनी शांतपणे विचारले, "सर, भांड्यातले पाणी हवा धरून ठेवते, हे मान्य. पण त्यावरून पृथ्वी पाण्यावर तरंगते हे कसे सिद्ध झाले? आणि ती तशी तरंगत नाही हे तर आज सातवीतल्या मुलालाही ठाऊक आहे. मग थेरांनी सिद्ध केले ते काय?" यावर आम्ही दिलेले उत्तर येथे जसेच्या तसे नोंदविणे आम्हास आवश्यक वाटते. आम्ही म्हणालो, "मूळ पालि ग्रंथ वाचल्यावाचून त्यावर आक्षेप घेता येत नाही." ते गृहस्थ खाली बसले. सभेत कोणी काही बोलले नाही. व्याख्यानानंतर पुष्पहार झाला, चहा झाला, आणि आम्ही शेवटच्या एस. टी.ने पुण्याला परतलो.

परतीच्या वाटेवर आमच्या ध्यानात आले की, ज्या ग्रंथावर आपण बोलत होतो त्या ग्रंथानेच अशा उत्तराला नाव देऊन ठेवले आहे. ते नाव म्हणजे राजवाद.

जुन्नरच्या डोंगरांतील यवन

मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर. त्याचा काळ इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाचा मध्य. त्याची राजधानी सागल, म्हणजे आजचे सियालकोट. घोडेगावी बसून त्याच्याविषयी बोलताना हा विषय दूरच्या पंजाबचा आहे, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात तो या डोंगरांना परका नाही.

जुन्नरच्या लेण्यांत यवन दात्यांचे तीन शिलालेख आहेत. इरिल नावाच्या यवनाने दोन पोढी, म्हणजे पाण्याची टाकी, दान केली. चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला. चंद नावाच्या यवनाने लेण्याचे गर्भद्वार करवून दिले. इरिल व चिट यांच्या नावापुढे 'गत' लोकांपैकी असा उल्लेख येतो. स्टेन कोनोव्ह या विद्वानाने त्याचा संबंध गॉथ लोकांशी जोडण्याचा प्रयत्न केला होता, परंतु तो सर्वमान्य झाला नाही. यवन म्हणून नोंद झालेल्या या माणसांची भाषा लेखांत मात्र प्राकृत आहे, लिपी ब्राह्मी आहे आणि दानाचे नाव 'देयधम' आहे.

ही माणसे एकाकी नव्हती. कार्ले येथील चैत्यगृहाच्या स्तंभांवर धेनुकाकट येथील अनेक यवनांची नावे आहेत. त्या लेखांचा आणि त्या स्थळाचा विचार गणितज्ञ दा. ध. कोसंबी यांनी १९५५ मध्ये स्वतंत्र लेखात केला. नाशिकच्या सतराव्या लेण्यातील दाता इंद्राग्निदत्त स्वतःला उत्तरेकडचा, दत्तामित्री येथील योणक म्हणवितो. त्याच्या पित्याचे नाव धम्मदेव आणि पुत्राचे नाव धम्मरखित. एका घराण्याच्या तीन पिढ्यांची नावे एकाच लेखात येतात, आणि त्यांतील एकही ग्रीक नाही. जुन्नरला शक उपासक आडुथुम याचे दानही नोंदलेले आहे. त्यात करंजाच्या झाडांपाशी असलेली वीस आणि वडापाशी असलेली नऊ निवर्तने जमीन येते. मानमोडीच्या डोंगरावर महाक्षत्रप नहपानाचा अमात्य वच्छगोत्री अयम याने टाके आणि मंडप करविला. त्या लेखात ४६ हे वर्ष आहे. ते शक संवत्सराचे मानल्यास इ. स. १२४ येते. लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा, म्हणजे सोन्याच्या व्यवहारातील गृहस्थाचा, पुत्र सुलसदत्त याने दिले.

कल्याणचा माणूस जुन्नरला लेणे कोरवितो, याचे कारण नाणेघाट. कोकणातील बंदरांचा माल याच घाटाने देशावर चढत असे. इ. स. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याणचा उल्लेख आहे. भडोच येथे मिनँडरच्या जुन्या नाण्यांचा व्यवहार अजून चालतो, अशी नोंदही त्याच ग्रंथात आहे. म्हणजे नागसेनांशी वाद करणाऱ्या राजाचा मुखवटा असलेली नाणी पश्चिम किनाऱ्यावरील व्यापाऱ्यांच्या हातांतून फिरत होती. याच नाणेघाटाच्या माथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. त्यात अश्वमेधादी वैदिक यज्ञांची व दक्षिणांची यादी आहे. त्या यादीतील संख्याचिन्हे भारतीय अंकांच्या इतिहासातील अत्यंत जुन्या पुराव्यांपैकी गणली जातात. एकाच घाटवाटेवर यज्ञाचा हिशेब, व्यापाऱ्यांचा माल आणि भिक्षुसंघाचे विहार नांदत होते.

येथे एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. चिट किंवा इरिल मिलिंदाचे समकालीन नव्हते. लेखांच्या अक्षरवाटिकेवरून ते त्याच्यानंतर सुमारे दोन शतकांनी किंवा त्याहूनही नंतर झाले. भोजनमंडपात भिक्षूंनी आणि यवनांनी तत्त्वचर्चा केली, असे कोणताही शिलालेख सांगत नाही. शिलालेखात दानाची नोंद असते, संभाषणाची नसते. परंतु परदेशी मूळ सांगणारा माणूस संघाच्या जेवणाची जागा बांधून देतो, तेव्हा त्याचे आणि संघाचे काही बोलणे झाले असेल, एवढे अनुमान कोणीही मान्य करील. ते बोलणे कोणत्या रीतीने व्हावे, याविषयीची बौद्ध परंपरेची कल्पना मिलिंदपञ्हात जपलेली आहे.

दोन प्रकारचे वाद

मिलिंदपञ्हाचे आजचे पालि रूप एकाच वेळी सिद्ध झालेले नाही. त्याची चिनी भाषांतरे पालि ग्रंथाच्या केवळ पहिल्या भागाशी जुळतात. पुढील प्रकरणे नंतर जोडली गेली, असे विद्वानांचे मत आहे. १८८० मध्ये ट्रेंकनर यांनी रोमन लिपीत आणि १९४० मध्ये आर. डी. वाडेकर यांनी मुंबई विद्यापीठासाठी देवनागरीत हा ग्रंथ संपादित केला. महाराष्ट्रातील पालिच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या वाडेकरांच्या पोथीवर वाढल्या. आम्हीही त्यांपैकीच.

ग्रंथातील मिलिंद हा साधा जिज्ञासू नाही. एकोणीस विद्यांत तो निपुण आहे. त्या यादीत सांख्य, योग, वैशेषिक ही दर्शने आहेत. गणित, ज्योतिष, वैद्यक आहे. हेतुविद्या आहे आणि युद्धविद्याही आहे. वादात त्याने अनेकांना निरुत्तर केले आहे. आयुपाल नावाच्या थेरांनाही त्याने गप्प बसविले, आणि जंबुद्वीप पोकळ आहे, माझ्याशी बोलू शकेल असा येथे कोणी नाही, अशी त्याची भाषा झाली. अशा राजासमोर नागसेन येतात. पहिला प्रश्न नावाचा निघतो. रथाच्या दृष्टांतावरून नागसेन दाखवितात की, आस, चाके, जू यांपैकी एकही वस्तू रथ नाही, आणि त्यांच्यावाचून रथ म्हणून वेगळी वस्तूही नाही. त्याचप्रमाणे 'नागसेन' हा एक व्यवहार आहे.

यानंतर राजा विचारतो, भदंत, माझ्याशी पुढे संभाषण कराल काय? नागसेनांचे उत्तर असे की, महाराज पंडितवादाने बोलणार असतील तर करीन, राजवादाने बोलणार असतील तर करणार नाही. राजा दोहोंतील भेद विचारतो. पंडितांच्या बोलण्यात गुंडाळणे असते आणि उलगडणे असते. एकाने दुसऱ्याला पकडीत धरणे, म्हणजे निग्रह, असतो आणि चूक झाली तर तिची दुरुस्ती, म्हणजे पटिकम्म, असते. विशेष काढला जातो आणि त्यावर प्रतिविशेष काढला जातो. एवढे सारे होऊनही पंडित रागावत नाहीत. राजे मात्र एक मत मांडतात आणि जो त्याला विरोध करील त्याला दंड करण्याची आज्ञा देतात.

या भेदाचे मर्म नीट पाहिले पाहिजे. राजवादात राजाचे मत चुकीचेच असते, असे नागसेन म्हणत नाहीत. ते बरोबरही असू शकेल. दोष मताचा नसून रीतीचा आहे. विरोध करणाऱ्याला जेथे किंमत मोजावी लागते, तेथे मत खरे असले तरी ते खरे आहे हे कळण्याचा मार्ग बंद होतो. दंड म्हणजे केवळ फटके किंवा कारावास नव्हे. भर सभेत एखाद्याच्या अज्ञानाकडे बोट दाखविणे हाही दंडच आहे. आमच्या हाती राजदंड नव्हता. पालि भाषेचे ज्ञान होते, आणि आम्ही ते राजदंडासारखे वापरले.

मिलिंद ही अट मान्य करतो. एखाद्या भिक्षूशी, श्रामणेराशी, उपासकाशी किंवा आरामातील सेवकाशी बोलावे तितक्या मोकळेपणाने माझ्याशी बोला, असे तो नागसेनांना सांगतो. दुसऱ्या दिवशी त्याचा अमात्य सब्बदिन्न सुचवितो की, थेरांनी फक्त दहा भिक्षूंसह यावे. राजा ते मानीत नाही. थेरांना वाटतील तितके भिक्षू येऊ द्यावेत, असे तो पुन्हा पुन्हा सांगतो. प्रतिपक्षाची संख्या मर्यादित करणे हेदेखील राजवादाचेच एक सौम्य रूप आहे, हे ग्रंथकाराला ठाऊक असावे.

धम्मकरकातील पाणी

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पृथ्वी पाण्यावर, पाणी वायूवर आणि वायू आकाशात, ही कल्पना मिलिंदपञ्हाची स्वतःची नाही. दीघनिकायातील महापरिनिब्बानसुत्तात भूकंपाची कारणे सांगताना ती येते. प्राचीन काळी ती केवळ भारतात होती असेही नाही. पृथ्वी पाण्यावर तरंगते असे ग्रीसमध्ये थेलीझ म्हणत असे. त्यावर पुढे ॲरिस्टॉटलने विचारले की, मग पाण्याला आधार कशाचा? मिलिंदाच्या आधीच्या शतकात अलेक्झांड्रियातील इरॅटोस्थेनीसने पृथ्वी गोल मानून तिचा परीघ मोजण्याचा यत्न केला होता. तेव्हा एका यवन राजाच्या तोंडी ग्रंथकाराने हीच शंका घालावी, यात औचित्य आहे.

धम्मकरक हे भिक्षूंचे पाणी गाळण्याचे साधन. पाण्यातील सूक्ष्म जीवांची हिंसा होऊ नये म्हणून गाळलेले पाणी पिण्याचा नियम आहे, आणि गाळण्याच्या वस्त्राबरोबर या भांड्यालाही विनयाने अनुमती दिली आहे. त्याच्या खालच्या तोंडाला गाळणी असते. भांड्यात पाणी भरून वरचे छिद्र बोटाने बंद केले की पाणी खाली पडत नाही. प्रयोगशाळेतील पिपेट याच तत्त्वावर चालते. ग्रीक तत्त्वज्ञ एंपेडोक्लीझ याने इ. स. पूर्व पाचव्या शतकात अशाच एका भांड्याशी खेळणाऱ्या मुलीचे उदाहरण देऊन श्वासोच्छ्वासाचे वर्णन केले होते, आणि ॲरिस्टॉटलने ते उद्धृत केल्यामुळे आपल्यापर्यंत पोहोचले. एकाच वस्तूकडे दोन संस्कृतींतील विचारवंतांचे लक्ष गेले, आणि दोघांनीही वायू म्हणजे निव्वळ पोकळी नव्हे, हे ओळखले. बाहेरची हवा दाब देते म्हणून पाणी थांबते, हे स्पष्टीकरण मात्र १६४३ मध्ये टोरिचेल्ली याच्या पाऱ्याच्या प्रयोगाने मिळाले.

तर मग नागसेनांनी सिद्ध केले काय? या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी आधुनिक विज्ञानाकडे जाण्याचीही गरज नाही. बौद्ध न्यायशास्त्र त्याला पुरेसे आहे. पाचव्या-सहाव्या शतकात आचार्य दिङ्नागांनी सांगितले की, हेतू तीन कसोट्यांना उतरला पाहिजे. तो पक्षात असला पाहिजे, सपक्षात असला पाहिजे आणि विपक्षात नसला पाहिजे. सातव्या शतकात धर्मकीर्तींनी हा विचार अधिक काटेकोर केला. डोंगरावर अग्नी आहे असे म्हणावयाचे तर धूर त्या डोंगरावर दिसला पाहिजे. स्वयंपाकघरात धूर आणि अग्नी एकत्र दिसतात, एवढ्याने भागत नाही. धम्मकरक हे येथे स्वयंपाकघर आहे, आणि पृथ्वीखालचे पाणी हा डोंगर. पृथ्वीखाली तसे पाणी आहे आणि त्याखाली तसा कोंडलेला वायू आहे, हेच आधी सिद्ध व्हावयाचे आहे. पहिल्याच कसोटीवर हेतू असिद्ध ठरतो. नागसेनांनी एवढेच सिद्ध केले की, वायू पाण्याला धरू शकतो. राजाच्या मनातील अडचण 'वायूसारख्या विरळ वस्तूवर पाणी टिकेलच कसे' एवढीच असेल, तर ती दूर झाली. पाणी तेथे खरोखर तसे टिकले आहे, हे सिद्ध झाले नाही. जे शक्य आहे ते वास्तव आहेच असे नाही.

म्हणजे घोडेगावच्या त्या शिक्षकांनी घेतलेला आक्षेप हा परका, धम्मविरोधी किंवा अपुऱ्या वाचनातून आलेला नव्हता. तो दिङ्नागांचाच आक्षेप होता. त्यांनी तो दिङ्नागांचे नाव न घेता, मराठीत आणि आपल्या विषयाच्या भाषेत विचारला, इतकेच.

संभाषणाची शिस्त

प्रश्न कसा विचारावा आणि उत्तर कसे द्यावे, याचा विचार पालि साहित्यात फार जुना आहे. अंगुत्तरनिकायात प्रश्नांचे चार प्रकार सांगितले आहेत. काही प्रश्नांना सरळ उत्तर द्यावयाचे, काहींना विभाग करून, काहींना प्रतिप्रश्न करून, आणि काही बाजूला ठेवावयाचे. जो हा भेद पाळीत नाही तो संभाषणास अपात्र, असे तेथे म्हटले आहे. विषय टाळून भलतीकडे जाणारा, राग दाखविणारा, समोरच्याला दडपून टाकणारा किंवा बोलण्यातील अडखळणे पकडून हसणारा माणूसही तेथे अपात्र ठरतो. अशोकाच्या काळात मोग्गलिपुत्त तिस्स थेरांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या कथावत्थूत दोनशेहून अधिक मुद्द्यांवर स्वपक्ष आणि परपक्ष यांचा वाद आहे. तेथे परवादीलाही स्वपक्षाइतक्याच नियमबद्ध रीतीने निग्रह करण्याची संधी मिळते. हा अभिधम्मपिटकातील ग्रंथ आहे. ज्या परंपरेने विरोधकाचे म्हणणे आपल्या पिटकात जतन केले, ती प्रश्नाला भीत नव्हती.

मिलिंदपञ्हाच्या पुढील भागात गंभीर विषयावर विचारविनिमय करण्यास अयोग्य अशी आठ स्थाने दिली आहेत. उंचसखल जागा, भयाची जागा, फार वाऱ्याची जागा, आडोशाची जागा, देवस्थान, रहदारीची वाट, पूल आणि पाणवठा, ही ती आठ स्थाने होत. तसेच विषय बिघडविणारी आठ माणसेही सांगितली आहेत. रागाने म्हणजे आसक्तीने, द्वेषाने, मोहाने आणि मानाने चालणारी, लोभी, आळशी, एकच गोष्ट धरून बसणारी आणि मूर्ख अशी ती माणसे. जुन्नरच्या लेण्यांत भिंतीलगत दगडी ओटा कोरलेली प्रशस्त दालने पाहताना या यादीची आठवण येते. समतल भूमी, वाऱ्याला अडसर, घाटवाट जवळ पण गलबला दूर. आठ स्थानांचा दोष त्या कारागिरांनी टाळला आहे. आठ माणसांचा दोष टाळणे मात्र आत बसणाऱ्यांवर अवलंबून होते, आणि आजही आहे. या यादीत आम्ही स्वतःला मानचरिताच्या जागी ठेवून पाहिले आणि ती जागा आम्हास बरोबर बसली.

कालामसुत्ताचा उल्लेख आपल्या सभांतून वारंवार होतो. परंपरेने आले म्हणून किंवा ग्रंथात आहे म्हणून मानू नका, हा भाग आपण आवडीने सांगतो. त्याच यादीत केवळ तर्कावर विसंबून मानू नका आणि 'हे श्रमण आमचे गुरू आहेत' म्हणूनही मानू नका, असे दोन निषेध आहेत. पहिला निषेध तर्काभिमान्यांना अडचणीचा, तर दुसरा आमच्यासारख्या व्याख्यात्यांना. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बुद्धवचन ओळखण्याची कसोटी दिली आहे. जे बुद्धिसंगत आणि तर्कसंगत नाही ते बुद्धाच्या नावावर खपवू नये, असा तिचा आशय आहे. पृथ्वी पाण्यावर असल्याचे विधान सुत्तात आहे म्हणून आम्ही त्याच्या बचावास उभे राहिलो, तेव्हा ही कसोटीही आम्ही बाजूला ठेवली होती.

पंडितवाद ही केवळ पोथीतील गोष्ट नव्हे. १९८३ मध्ये पुण्यात मे. पुं. रेगे, दया कृष्ण प्रभृतींच्या पुढाकाराने एक अभिनव प्रयोग झाला. संस्कृत परंपरेतील नैयायिक पंडित आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञान शिकलेले प्राध्यापक समोरासमोर बसले. बर्ट्रंड रसेल यांची विधानविषयक मते संस्कृतात मांडून पंडितांपुढे ठेवण्यात आली. त्या संभाषणांचा ग्रंथ 'संवाद' या नावाने १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. पंडितांना इंग्रजी येत नाही म्हणून त्यांना रसेलवर बोलण्याचा अधिकार नाही, असे तेथे कोणी म्हटले नाही. ज्यांना प्रश्न नीट कळावा असे वाटत होते त्यांनी प्रश्नच त्यांच्या भाषेत नेला. भाषेचे ओझे जाणकाराने उचलावयाचे असते, प्रश्नकर्त्याने नव्हे, हा त्या प्रयोगाचा धडा आहे. आम्ही घोडेगावी नेमके उलट केले होते.

पटिकम्म

पुढच्या रविवारी, मालेतील शेवटच्या व्याख्यानाच्या आरंभी, आम्ही मागील उत्तर मागे घेतले आणि त्या शिक्षकांना पुढे येऊन बोलण्याची विनंती केली. ते तयारीनेच आले होते, असे दिसले. त्यांनी पेला काठोकाठ भरला, त्यावर पोस्टकार्ड ठेवले आणि पेला उलटा केला. कार्ड पडले नाही, पाणीही पडले नाही. पुढच्या रांगेतील मुले उठून जवळ आली. मग ते म्हणाले की, हवा समुद्रसपाटीला सुमारे १० मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलू शकते, त्याहून अधिक नाही. आणि डोंगरावर जावे तसतशी ही उंची कमी होते. तेव्हा पृथ्वीला धरणारे पाणी हवेवर तोलले जाण्याचा प्रश्नच येत नाही.

आम्ही त्यांचा मुद्दा मान्य केला आणि आमच्या बाजूने एक विशेष मांडला. राजाची मूळ शंका 'विश्वास बसत नाही' अशी होती, आणि थेरांनी तिला ग्रंथवचनाने उत्तर दिले नाही. तथागतांनी तसे सांगितले आहे, एवढे म्हणून ते थांबू शकले असते. त्यांनी हातातील भांडे उचलले. निष्कर्ष चुकला, पण प्रमाण म्हणून पुढे केलेली वस्तू राजाला स्वतः तपासता येण्याजोगी होती, आणि म्हणूनच दोन हजार वर्षांनंतर एका शिक्षकाला ती चूक दाखविता आली. यावर त्या गृहस्थांनी थोडा विचार करून प्रतिविशेष काढला. ते म्हणाले, "मग राजाने तेथेच थांबायला नको होते. त्याने आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता."

हे आम्हास तेव्हाही मान्य झाले आणि आजही मान्य आहे. पहिल्या भागाच्या अखेरीस राजा आणि थेर आपापल्या स्थानी परततात. रात्री दोघेही मनात उजळणी करतात. मी नीट विचारले काय, आणि मी नीट उत्तर दिले काय? दोघांनाही आपले योग्य झाले असे वाटते. घोडेगावच्या तिसऱ्या रविवारच्या रात्री तशी उजळणी करताना आम्हास तसे वाटले नव्हते. चौथ्या रविवारी परतताना मात्र, उत्तर पूर्ण झाले नसले तरी प्रश्नाचा मान राखला गेला, एवढे समाधान होते.

जुन्नरच्या डोंगरावर चिटाने भोजनमंडप दिला तो संघाला. इरिलाने दोन टाकी दिली, ती तहानलेल्या कोणासाठीही उपयोगी पडली असतील. आपण आज विहारांतून व्याख्यानमाला चालवितो, ग्रंथालये उभारतो, पालि शिकवितो, हीही दानेच आहेत. प्रत्येक व्याख्यानानंतर मागच्या रांगेतून एक हात वर होतो. त्याला बसविणे सोपे असते. त्या हाताला उत्तर देताना आपण पंडित आहोत की राजा, हे व्याख्यात्याने प्रत्येक वेळी स्वतःला विचारावे, एवढीच या लेखाची विनंती आहे.